आईला नैराश्य नव्हतं, गाठ होती. मग दीड वर्ष कुणालाच कसं कळलं नाही?

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

आईचं वय ६४. दीड वर्षापूर्वीपर्यंत घरचा सगळा हिशेब तिच्या बोटांवर असायचा. मग ती हळूहळू गप्प होत गेली. तासन्‌तास एका खुर्चीत बसून राहते, अंघोळीला दहा वेळा सांगावं लागतं, नातवंडं आली तरी उठत नाही. तेव्हा बाबांना जाऊन थोडेच महिने झाले होते, म्हणून आम्हाला ते दुःखच वाटलं. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्या. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला, तरी उजव्या डोळ्याने नीट दिसत नाही म्हणते. एकदा गॅसवर पातेलं जळून घरभर धूर झाला आणि ती शेजारच्याच खोलीत शांत बसलेली. मी तिला नाही नाही ते बोलले.

गेल्या महिन्यात झोपेत फिट आली, तेव्हा एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये ‘ऑल्फॅक्टरी ग्रूव्ह मेनिन्जिओमा, ५ सेंटीमीटर, भोवती सूज’ असं लिहिलंय. सर्जन ऑपरेशन सांगतात. भाऊ म्हणतो, कॅन्सर नाही ना, मग या वयात डोकं कशाला उघडायचं, गॅमा नाइफने भागेल. त्यात सख्ख्या मावशीलाही दोन वर्षांपूर्वी मेनिन्जिओमाच निघाला होता. तिच्या डॉक्टरांनी ‘काही करायची गरज नाही’ म्हणून सांगितलं आणि ती मजेत आहे. मग खरं काय मानायचं? हे घराण्यात आहे का? मी ३८ वर्षांची आहे, गेली काही वर्षं दर तीन महिन्यांनी गर्भनिरोधक इंजेक्शन घेते. मला काळजी करायला हवी का?

– एक मुलगी

उत्तर

प्रिय ताई,

आधी निर्णयाचं बोलते, कारण घरात वाद त्यावरून चाललाय. तुम्ही जे लिहिलंय तेवढ्यावरून माझं मत तुमच्या सर्जनच्या बाजूचं आहे. आईचं ऑपरेशन करायला हवं. उद्याच्या उद्या नाही, पण ‘बघू, दिवाळीनंतर’ असंही नाही. तयारी करून, येत्या काही आठवड्यांत. आणि मावशीच्या डॉक्टरांनीही बरोबरच सांगितलं. दोघींच्या कागदावर नाव एकच असलं तरी मेनिन्जिओमात नावावरून फारसं काही ठरत नाही. गाठ कुठे बसली आहे, कशाला दाबते आहे आणि वाढते आहे का, यावर सगळं ठरतं.

मेंदूभोवती आवरणं असतात. त्यातल्या मधल्या आवरणाच्या पेशींपासून ही गाठ तयार होते. म्हणजे ती मेंदूच्या आत उगवत नाही, बाहेरून मेंदूला आत ढकलत वाढते. मोठ्या माणसांच्या डोक्यात मुळातच तयार होणाऱ्या गाठींमध्ये हीच सगळ्यात जास्त आढळते, आणि पुरुषांच्या जवळपास दुप्पट बायकांमध्ये. त्यातल्या साधारण ८० टक्के पहिल्या ग्रेडच्या, म्हणजे सगळ्यात कमी आक्रमक, संथ असतात. भावाचं ‘कॅन्सर नाही’ हे म्हणणं त्या अर्थाने बहुधा खरं ठरेल. पण कवटीला सैल होता येत नाही. पोटात ५ सेंटीमीटरची साधी गाठ असली तर माणूस वर्षानुवर्षं हिंडतो-फिरतो. कपाळामागे तेवढीच गाठ असली तर मेंदूचा पुढचा भाग मागे सरकतो, डोळ्यांच्या नसा दाबल्या जातात आणि वर सूज येते ती वेगळीच. साधी म्हणजे निरुपद्रवी नव्हे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. कुणालाच कसं कळलं नाही?

आईची गाठ जिथे आहे ती जागा नाकाच्या छतावर, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध. वासाच्या नसा तिथूनच मेंदूत शिरतात. त्यामुळे पहिला बळी जातो तो वासाचा. पण वास गेल्याची तक्रार घेऊन माणूस डॉक्टरकडे सहसा जात नाही. आधी एका नाकपुडीचा जातो, तो तर कळतही नाही, कारण दुसरी काम भागवते. पुढे जेवणाला चव नाही असं म्हणतात, आणि ते आपण वयावर ढकलतो. तुमच्या पत्रातलं जळलेलं पातेलं मी दोनदा वाचलं. शेजारच्या खोलीत धूर येईपर्यंत माणूस बसून राहतो, याचा अर्थ त्याला करपल्याचा वास आलेला नाही, आणि धूर दिसल्यावरही उठावंसं वाटलेलं नाही. त्या एका प्रसंगात तिची दोन्ही लक्षणं होती.

दुसरं लक्षण मेंदूच्या पुढच्या भागाचं. हा भाग हात-पाय हलवत नाही, बोलत नाही, बघत नाही. तो माणसाला उठवतो. एखादी गोष्ट सुरू करायची, ती करताना भान ठेवायचं, कंटाळा आला तरी पुरी करायची, हे त्याचं काम. तो दाबला गेला की माणूस आळशी झाला, हट्टी झाला, घुम्या झाला, असं घरचे म्हणतात. कुणी उलट जास्त बोलायला लागतं, चारचौघांत नको ते विनोद करतं. गाठ वर्षाला एखाद-दोन मिलिमीटरने सरकत असेल तर मेंदू त्याच्याशी जुळवून घेत राहतो, आणि बदल इतका सावकाश होतो की नेमका कधीपासून, हे घरच्यांनाही सांगता येत नाही. डोकं दुखेलच असंही नाही. डोकं दुखत नाही म्हणजे डोक्यात काही नाही, हा एक भलताच पक्का गैरसमज आहे.

मानसोपचारतज्ज्ञांना दोष देऊ नका. नवरा गेल्यानंतर गप्प झालेल्या शंभर जणींपैकी बहुतेकींना खरोखर दुःख किंवा नैराश्यच असतं. गोळ्यांनी थोडा फरक पडला म्हणून निदान बरोबर ठरतं असं मात्र नाही, कारण नैराश्याच्या गोळ्यांनी कुणालाही थोडी तरतरी येऊ शकते. हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवते: साठीच्या आसपास आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, माणूस रडत नाही, कुढत नाही, नुसता विझल्यासारखा आहे, पुरेसा काळ औषध देऊनही गाडं पुढे सरकत नाही, जोडीला चाल मंदावली किंवा लघवीवरचा ताबा सुटायला लागला, तर मेंदूचा फोटो काढा असं डॉक्टरांना आपणहून म्हणा. भिडस्तपणा करू नका.

आणि डोळे. चष्मा बदलूनही दिसत नसेल तर दोष चष्म्यात नसतो. अशा वेळी बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याच्या पडद्यामागची नस बघावी लागते. या जागच्या गाठीत कधी कधी फार नमुनेदार चित्र दिसतं: एका डोळ्यातली नस थेट दाबली गेल्याने फिकट, वाळल्यासारखी, आणि दुसऱ्या डोळ्यातली नस डोक्यातल्या वाढलेल्या दाबामुळे फुगलेली. फॉस्टर केनेडी या न्यूरॉलॉजिस्टने १९११ मध्ये हे लिहून ठेवलं, आजही ते त्यांच्याच नावाने शिकवतात. वासाची तपासणी तर त्याहून सोपी. डोळे मिटायला सांगायचे, एक नाकपुडी बोटाने दाबून धरायची, दुसरीखाली कॉफीची पूड किंवा साबण धरायचा आणि विचारायचं, काय आहे? मग दुसरी बाजू. अमोनियासारखं झोंबणारं काही वापरायचं नाही, कारण झोंबणं वेगळ्या नसेने कळतं आणि वास गेलेला माणूसही दचकतो. दोन मिनिटांची ही तपासणी आम्ही डॉक्टर मंडळी सगळ्यात जास्त वेळा टाळतो. फॉर्मवर ‘पहिली नस (म्हणजे वासाची): तपासली नाही’ असं लिहून पुढे जातो.

ही गाठ सोंगं फार घेते. आईच्या बाबतीत तिने नैराश्याचं घेतलं. जागा बदलली की सोंग बदलतं. माथ्याच्या मधोमध, मेंदूच्या दोन भागांमधल्या पडद्याला चिकटून वाढली तर ती पायाचा ताबा असलेल्या भागाला दाबते. माणूस म्हणतो, पाऊल लुळं पडतंय, चप्पल निसटते. कमरेचा एमआरआय होतो. पन्नाशीपुढच्या कुणाच्याही कमरेत मणका झिजलेला सापडतोच. झालं, महिनोन्‌महिने कमरेचा व्यायाम. खूण अशी की कमरेच्या नसेमुळे पाऊल लुळं पडलं तर तो पाय सैल, ढिला असतो. डोक्यातल्या गाठीमुळे पडलं तर पाय ताठरतो, गुडघ्याखाली हातोडी मारली की जास्तच उडतो, आणि कधी अंगठ्यापासून सुरू होऊन वर चढणारे झटके येतात.

दुसरं सोंग पाठीतलं, आणि ते मला जास्त टोचतं, कारण वेळेत सापडलं तर त्याचा निकाल फार चांगला लागतो. मेनिन्जिओमा मज्जारज्जूच्या आवरणातही होतो. बहुधा छातीच्या मागच्या मणक्यांत, बहुधा वयस्कर बाईला. चालताना झोक जातो, पाय जड वाटतात, छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं. गुडघे झिजलेत, साखर आहे, वय झालंय, असं म्हणून सोडून दिलं जातं. फोटो काढले तर मानेचे आणि कमरेचे, आणि गाठ असते नेमकी मधे, जिथे कुणी पाहिलेलंच नाही. पाय ताठर असतील आणि मान-कंबर दोन्ही ठीक असतील तर पाठीचा मधला भाग बघायलाच हवा. ऑपरेशननंतर काठी घेऊन आलेली बाई काठीशिवाय चालायला लागते, हे यात सर्रास दिसतं.

बाकीची थोडक्यात. डोळ्याच्या नसेभोवती झाली तर दुखत-खुपत काही नाही, पण एका डोळ्याची नजर सावकाश उतरते, आणि मोतीबिंदू म्हणून वाट बघितली जाते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या वरच्या बाजूला झाली तर दोन्ही कडांचं दिसणं कमी होतं आणि माणूस दाराच्या चौकटीला आपटतो. गरोदरपणात या जागची गाठ फुगून नजर झपाट्याने कमी झाल्याची उदाहरणं आहेत. डोळ्याच्या खोबणीच्या मागच्या हाडाशी झाली तर एक डोळा पुढे आल्यासारखा दिसतो, कानशील भरल्यासारखं. कानामागच्या खोबणीत झाली तर एका कानाने कमी ऐकू येतं, नाहीतर चेहऱ्यावर विजेसारखी कळ येते आणि दाढा काढल्या जातात. कवटी आणि मानेच्या सांध्याशी झाली तर बोटं बोथट होतात, बटणं लावता येत नाहीत, आणि ‘मानेचा स्पॉन्डिलायटिस’ म्हणून पट्टा बांधला जातो. काहींना काही मिनिटं बोलता न येणं, हात बधिर होणं, असे अर्धांगवायूची पूर्वसूचना वाटावी असे झटके येतात. क्वचित ती नुसती कवटीच्या हाडात वाढते आणि डोक्यावर टेंगूळ दिसतं. अगदीच क्वचित नाकात किंवा फुप्फुसातही सापडते.

एवढं वाचून घरातल्या प्रत्येकाला एमआरआयच्या रांगेत उभं करू नका. पाऊल लुळं पडण्याचं कारण बहुतेक वेळा कमरेतच असतं.

निदानाबद्दल. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘मेनिन्जिओमा’च्या आधी कुठेतरी ‘शक्यता’ अशा अर्थाचा शब्द असेल, तो रेडिओलॉजिस्टने पळवाट म्हणून घातलेला नाही. शिरेतून गॅडोलिनियम नावाचं, गाठ उठून दिसायला मदत करणारं द्रव्य देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये ही गाठ एकसारखी चकाकते आणि तिच्या कडेने आवरणावर निमुळती शेपटी दिसते. सीटी स्कॅनमध्ये तिच्यातला चुना (साठलेलं कॅल्शियम) दिसतो आणि लगतचं हाड जाड झालेलं दिसतं. चित्र बहुतेकदा पुरेसं बोलकं असतं. पण शेपटी फक्त हिलाच असते असं नाही. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरचं आवरणावर पसरलेलं बीज, लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर), सारकॉइडोसिस (अंगात सुजेच्या गाठी करणारा आजार), क्षयाची गाठ, ही सगळी हुबेहूब तशी दिसू शकतात. म्हणून आईला पूर्वी कधी कसलाही कॅन्सर झाला असेल, स्तनातली गाठ काढलेली असेल, अगदी वीस वर्षांपूर्वी, तरी सर्जनला सांगा. आपल्याला ते जुनं वाटतं, त्यांच्यासाठी नसतं. फोटोवरून फार शंका राहिली तर डोटाटेट नावाचं द्रव्य देऊन पेट स्कॅन करता येतो. या गाठीच्या पेशी ते चांगलं पकडतात. सगळ्यांना त्याची गरज नसते. ग्रेड मात्र फोटोवरून ठरत नाही, ती काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच कळते.

आता भावाचा गॅमा नाइफ. त्याचा प्रश्न चुकीचा नाही. लेक्सेल या स्वीडिश मेंदूच्या सर्जननी स्टॉकहोममध्ये १९६८ साली पहिलं यंत्र बसवलं, तेव्हापासून त्याने खूप जणांचं ऑपरेशन वाचवलंय. डोकं न उघडता शेकडो बारीक किरण गाठीवर एकवटतात. पण त्याच्या दोन अटी आहेत. गाठ लहान हवी, साधारण ३ सेंटीमीटरच्या आत, आणि डोळ्यांच्या नसांपासून थोडं अंतर हवं, कारण त्या नसा किरणांना फार नाजूक असतात. आईची गाठ ५ सेंटीमीटरची, नजर आधीच उतरलेली, म्हणजे नसेला टेकलेली असण्याचीच शक्यता. त्याहून महत्त्वाचं, किरणांनी गाठ थांबते. लगेच लहान होत नाही, आणि सुरुवातीला सूज वाढूही शकते. आईला आज गरज आहे ती दाब उतरण्याची. भावाला हे असंच समजावा: गॅमा नाइफ वाईट म्हणून नाही, तो दाब काढत नाही म्हणून. ऑपरेशननंतर अडचणीच्या जागी थोडी गाठ मागे राहिली तर त्याचीच मदत घ्यावी लागेल, हेही त्याला सांगा. त्याचं समाधान होईल.

ऑपरेशनच्या आधी काही दिवस सूज उतरवायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्याने दोन-चार दिवसांत आई एकदम जास्त बोलायला लागली, जेवायला लागली, तर ‘बरी झाली, आता ऑपरेशन कशाला’ असं वाटेल. ते औषध सूज कमी करतं, गाठ तिथेच असते. त्याने रक्तातली साखर वाढते, झोप उडते, आणि ते आपल्या मनाने अचानक बंद करायचं नसतं. फिटची गोळी चुकवू नका. ऑपरेशनच्या दिवशी सकाळच्या उपासातसुद्धा ती घोटभर पाण्याबरोबर द्यायची की नाही, हे भूलतज्ज्ञांना विचारून घ्या.

गाठीपर्यंत जायचे मुख्य रस्ते दोन. एक वरून, कपाळाच्या किंवा कानशिलाच्या बाजूचं हाड उघडून. दुसरा नाकातून, दुर्बिणीने. नाकाचा रस्ता ऐकायला गोड लागतो, बाहेर खूण नाही, टाके दिसत नाहीत. पण ५ सेंटीमीटरच्या गाठीला तो क्वचितच सोयीचा असतो, आणि त्यात मेंदूभोवतीचं पाणी नाकातून झिरपण्याची भीती जास्त. ‘वरून करतो’ म्हणणारा सर्जन मागासलेला आहे असं समजू नका. काही गाठींत आधी रक्तवाहिन्या बंद करून घेतात. या जागी ते सहसा करत नाहीत, कारण गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांद्या डोळ्याला रक्त देणाऱ्या रोहिणीतूनच निघतात.

पूर्ण निघेल का, असं तुम्ही विचाराल. डोनाल्ड सिम्पसन या सर्जननी १९५७ मध्ये गाठ काढण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या: गाठ, तिचं आवरण आणि खराब हाड असं सगळं काढलं ती पहिली, नुसता तुकडा घेतला ती पाचवी. जितकं जास्त निघेल तितकी परत यायची शक्यता कमी, हे आजही खरं आहे. पण नसेला किंवा रोहिणीला घट्ट चिकटलेला शेवटचा कण खरवडण्यासाठी नजर घालवायची, हा हट्ट आता मागे पडलाय, आणि ते बरं झालं. ‘सगळी काढतो’ अशी छातीठोक हमी देणाऱ्यापेक्षा ‘इथे थोडी ठेवावी लागली तर ठेवीन’ म्हणणाऱ्या सर्जनवर मी जास्त भरवसा ठेवीन.

धोके आहेतच. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पाणी झिरपणं, पुन्हा फिट येणं, आणि ज्याकडे लक्ष कमी जातं तो म्हणजे पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी. मेनिन्जिओमाच्या ऑपरेशननंतर तो धोका चांगलाच असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी आईला उठवून बसवायला, चालवायला आले की ‘अहो, डोक्याचं ऑपरेशन झालंय, झोपू द्या’ म्हणून अडवू नका. ६४ हे वय एकट्याने आडवं येत नाही. हृदय, फुप्फुसं, साखर कशी आहे ते पाहतात. तुम्ही थेट विचारावं असं तीन गोष्टींबद्दल सुचवते: अशा जागच्या गाठी तुम्ही किती वेळा काढल्यात, कोणत्या रस्त्याने जाणार आणि का, आणि उजव्या डोळ्याचं काय होईल. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘आहे तेवढं टिकलं तरी चांगलं’ असंही असू शकतं. नस किती दिवस दाबलेली होती यावर ते आहे. वास बहुधा परत येणार नाही, ते आताच मनाशी धरा, आणि घरात धूर आणि गॅसगळतीची सूचना देणारी यंत्रं बसवा. स्वभाव मात्र बऱ्याच जणांचा पुष्कळसा परत येतो. काही आठवड्यांत सुरुवात, पुढे कित्येक महिने.

तुकड्याच्या रिपोर्टवर ग्रेड येईल. पहिली असेल तर बहुतेकदा पुढे फक्त ठरल्या वेळी एमआरआय. दुसरी असेल तर किरणोपचार द्यायचे की नुसतं लक्ष ठेवायचं, हे किती निघाली त्यावर ठरतं. तिसरी, जी अगदी थोड्यांची असते, तिला किरणोपचार लागतातच, सहा आठवड्यांच्या आसपास रोज थोडेथोडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणापासून काही जनुकीय बदल दिसले तरी गाठ तिसऱ्या ग्रेडची धरतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली ती कितीही गरीब दिसो. म्हणून रिपोर्टमध्ये ग्रेड दोन किंवा तीन असेल तर ती जनुकीय तपासणी झाली का, असं विचारा. गोळ्यांनी विरघळवण्याची आशा ठेवू नका. मिफेप्रिस्टोन, हायड्रॉक्सियुरिया या औषधांवर बरीच भिस्त ठेवून झाली, हाती फारसं लागलं नाही. यावर कुणी काढा किंवा चूर्ण घेऊन आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पहिली ग्रेड असली तरी तपासण्या वर्षानुवर्षं चालू ठेवायच्या असतात. अमेरिकेचे जनरल लिओनार्ड वुड यांचा मेनिन्जिओमा हार्वी कुशिंग या मेंदूच्या सर्जननी १९१० मध्ये काढला. वुड त्यानंतर लष्करप्रमुख झाले, १९२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले. गाठ परत आली आणि १९२७ मध्ये पुन्हा केलेल्या ऑपरेशननंतर ते गेले. तेव्हा एमआरआय नव्हता, परत आलेली गाठ लक्षणं दिल्याशिवाय कळायची नाही. आता ती दाण्याएवढी असताना दिसते, फक्त कुणीतरी बघायला हवं.

मावशीची गोष्ट वेगळी. दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या फोटोत अशा गाठी खूप सापडतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात ४५ वर्षांपुढच्या धडधाकट दोन हजार लोकांचे एमआरआय काढले, तेव्हा ०.९ टक्के लोकांत मेनिन्जिओमा निघाला; २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बऱ्याचशा तशाच पडून राहतात, विशेषतः चुना भरलेल्या. पण ‘काही करू नका’ म्हणजे विसरून जा असं नव्हे. पहिल्या फोटोनंतर साधारण सहा महिन्यांनी, मग पाच वर्षं दरवर्षी, पुढे दोन वर्षांनी, असा क्रम ठेवतात. मावशीचा शेवटचा एमआरआय कधी झाला, ते आजच फोन करून विचारा. दोन वर्षं झालीत म्हणता.

घराण्यात आहे का? दोन बहिणी, दोघी उतारवयातल्या, दोघींना एकेक गाठ. गाठ मुळात बायकांत इतकी आढळते की हा योगायोग असण्याचीच शक्यता जास्त. कोवळ्या वयात झाली, एकापेक्षा जास्त गाठी असल्या, किंवा ऐकण्याच्या नसेवरही गाठी असल्या, तर एनएफ-२ या आनुवंशिक आजाराचा विचार करतात. तसं काही तुमच्या पत्रात नाही. लहानपणी डोक्याला किरण दिलेले असणं हे दुसरं पक्कं कारण. १९५० च्या दशकात इस्राएलमध्ये डोक्यावरच्या गजकर्णासाठी मुलांना क्ष-किरण दिले गेले, आणि मोठेपणी त्यांच्यात या गाठी कितीतरी जास्त निघाल्या. आई किंवा मावशीला लहानपणी असं काही झालं होतं का, एवढं विचारून बघा.

तुमच्या इंजेक्शनचं मात्र गांभीर्याने घ्या, घाबरून न जाता. या गाठींच्या पेशींवर प्रोजेस्टेरॉन हे बायकांचं हार्मोन पकडणारी जागा पुष्कळदा असते. सायप्रोटेरॉन नावाचं, प्रोजेस्टेरॉनसारखंच काम करणारं औषध मोठ्या मात्रेत बरीच वर्षं घेणाऱ्यांमध्ये मेनिन्जिओमा वाढल्याचं दिसल्यावर युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये त्यावर बंधनं घातली; ते थांबवल्यावर काहींच्या गाठी आपोआप लहानही झाल्या. तीन महिन्यांचं इंजेक्शन बहुधा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनचं असतं, वेष्टनावर नाव बघा. ते वर्षभराहून जास्त काळ घेणाऱ्यांमध्ये ऑपरेशन करावं लागणाऱ्या मेनिन्जिओमाचा धोका पाचपटींहून थोडा जास्त निघाला, असं २०२४ मधल्या फ्रान्समधल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. पाचपट ऐकून दचकायला होतं. पण तुमच्या वयात मूळ धोकाच फार लहान असतो, त्याची पाचपटही लहानच. त्याच अभ्यासात हार्मोन सोडणाऱ्या लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या तांबीसारख्या साधनात असा वाढीव धोका दिसला नाही. पुढचं इंजेक्शन घ्यायच्या आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, आई आणि मावशी दोघींचं सांगा आणि दुसरा मार्ग ठरवा. मार्ग ठरवल्याशिवाय इंजेक्शन सोडून मोकळ्या होऊ नका, नाहीतर भलतीच बातमी यायची. डोकेदुखी, नजर, फिट यांपैकी काही नसेल तर तुमचा एमआरआय आत्ता काढावा असं मला वाटत नाही.

तुम्ही आईला बोललात त्याचं. ती ऐकत नव्हती असं तुम्हाला वाटलं आणि तुम्ही चिडलात. घरात जळता गॅस असताना कुणीही चिडेल. ऑपरेशननंतर तिला त्या दिवसांतलं फारसं आठवणार नाही, असंही पुष्कळदा होतं. तुम्हाला आठवेल. तेव्हा एकदा तिच्याशी बोलून टाका, पण आता नाही, ती सावरल्यावर.

आणि एक राहिलं. तुम्ही, भाऊ, सर्जन, मावशी, सगळ्यांची मतं पत्रात आहेत; आईचं नाही. डेक्सामेथासोन सुरू झाल्यावर तिला जरा तरतरी आली की तिच्यासमोर बसून, टीव्ही बंद करून, छोट्या वाक्यांत सांगा: डोक्यात गाठ आहे, तिच्यामुळे तुला असं होतंय, ती काढायची म्हणतात. मग गप्प राहा. अशा पेशंटला उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि आपण अर्ध्या मिनिटात स्वतःच उत्तर देऊन टाकतो. तिला कळतंय आणि ती काय म्हणते, हे सर्जनच्या कानावर घाला; संमतीच्या कागदावर सही तिची असावी की तुमची, हे ते त्यावरूनच ठरवतील.